सायकल भंगारात देऊ नका

उट्रेख्त (नेदरलँड्स),
१८ जानेवारी

ती. आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलतो, तरी आज लिहायला बसले आहे. परवा आई बोलता बोलता म्हणाली, "सोसायटीचं पार्किंग रिकामं करायचंय, बाबा सायकल भंगारवाल्याला देतायत." मागून बाबांचा आवाज आला, "गंजत पडण्यापेक्षा बरं." तेव्हा मी गप्प बसले. फोनवर काही म्हणाले असते तर "बरं, तू जेवलीस का?" असं विचारून तुम्ही विषय मिटवला असता. दादाला हे पत्र छापून आणून द्यायला सांगितलं आहे. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, तेव्हा आई, तू मोठ्यानं वाच. मध्ये गाळू नकोस.

आधी तुझ्या काळज्या. थंडी आहे, पारा शून्याच्या आसपास असतो, एखाद्या रात्री चार-पाच अंश खाली जातो. पण खरा त्रास वाऱ्याचा. सगळा मुलूख सपाट, आडवं यायला एक टेकाड नाही, त्यामुळे समुद्रावरून निघालेला वारा थेट कानात शिरतो. तू विणलेली कानटोपी रोज घालते. डिसेंबरात पावणेनऊला उजाडायचं आणि साडेचारला दिवेलागण व्हायची. आता दिवस जरा ताणला आहे. संक्रांतीला तुझे तिळाचे लाडू घरमालकीण बाईंना दिले आणि 'तिळगूळ घ्या, गोड बोला' म्हणजे काय ते समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटाण्याच्या सुपाचं पातेलं आणून दिलं. इथे त्यात सॉसेज घालतात, ते माझ्यासाठी वगळलं होतं. सूप इतकं दाट, की चमचा उभा राहिला तरच ते जमलं म्हणायचं. आणि वर्ष संपायच्या सुमाराला रस्तोरस्ती गाड्या लागतात, त्यांवर 'ओलीबोलन' मिळतात. आंबवलेल्या मैद्यात मनुका घालून तळलेले गोळे, वर पिठीसाखर. आपल्या गुलगुल्यांची सख्खी भावंडं. तेव्हा जेवणाची चिंता करू नकोस.

आता सायकल.

इथे आल्यावर तिसऱ्याच दिवशी मी एक जुनी सायकल घेतली. हिला 'ओमाफीट्स' म्हणतात. ओमा म्हणजे आजी, फीट्स म्हणजे सायकल. आई, ही खरोखर तुझ्यासाठी केल्यासारखी आहे. मधली दांडी नाही, त्यामुळे पाय टाकायची कसरत नाही. हँडल आपल्याकडे वळलेलं, पाठ ताठ ठेवून बसायचं. चेन पूर्ण झाकलेली आणि मागच्या चाकाला कोटाचा घोळ अडकू नये म्हणून दोन्ही बाजूंनी आवरण, आपल्या साडीगार्डासारखं. ब्रेक हाताला नाही, पायाला आहे. पेडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबतं. पहिले दोन-तीन दिवस बोटं सवयीनं ब्रेक शोधत होती. पावसाचं विचाराल तर तो केव्हाही येतो, आणि कोणी थांबत नाही. इथे म्हण आहे, "तू काही साखरेची नाहीस." म्हणजे भिजलीस तर विरघळणार थोडीच आहेस.

कामाला जाता-येता रोज दहा-बारा किलोमीटर होतात. शनिवार-रविवार मी नुसती शहर बघत फिरते. हे शहर पायी बघितलं तर थोडं दिसतं आणि गाडीतून तर काहीच दिसत नाही, कारण जुन्या भागात गाडीला फारशी वाटच नाही. सायकलवर मात्र ते हाताशी येतं. आवडलं तिथे एक पाय टेकायचा, बघायचं, निघायचं.

या शहराची सुरुवात केली ती रोमन सैन्यानं, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावर. ऱ्हाईन नदी ही त्यांच्या साम्राज्याची उत्तरेकडची हद्द होती आणि नदीकाठी त्यांनी चौक्या उभारल्या होत्या. इथल्या चौकीचं नाव त्रायेक्टुम, म्हणजे नदी पार करायची जागा. आपण नदीला उतार म्हणतो ना, तोच. शहराचं नाव त्याच शब्दावरून आलं. तो किल्ला आज जमिनीखाली आहे. वरच्या फरसबंदीत त्याच्या तटाच्या रेषेवर पोलादी पट्टी बसवली आहे आणि अंधार पडल्यावर तिच्यातून हिरवट उजेड येतो. साडेपाचला परतताना माझं चाक दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या तटावरून जातं.

तिथेच डोम मनोरा आहे, ११२ मीटर उंच. १३२१ मध्ये काम सुरू झालं आणि १३८२ मध्ये संपलं. नेदरलँड्समधला हा सगळ्यात उंच चर्चमनोरा. अलीकडे पाच वर्षं दुरुस्तीसाठी तो परांचीत गुंडाळलेला होता, आता पुरा उघडा दिसतो. पण मी तिथे थांबते ते मनोऱ्यासाठी कमी आणि त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेसाठी जास्त. पूर्वी मनोरा आणि चर्च एकमेकांना जोडलेले होते. मधला भाग पैशांअभावी कधी नीट पक्का झालाच नाही, आणि १ ऑगस्ट १६७४ च्या वादळात तो कोसळला. शिखर एकीकडे, गाभारा दुसरीकडे आणि मधला सभामंडप उडून गेलेला, अशी कल्पना करा. ढिगारा पुढे दीडशे वर्षं तसाच पडून होता. आता तिथे चौक आहे, झाडं आहेत, आणि माझ्यासारख्या सायकली त्या नसलेल्या सभामंडपातून ये-जा करतात. ४६५ पायऱ्या चढून वर गेले होते, पण त्या दिवशी धुकं होतं. खालून घंट्या मात्र रोज ऐकू येतात. दर पंधरा मिनिटांनी त्या लहानशी धून वाजवतात. बाबा, त्या ऐकल्या की मला तुमच्या खडकीच्या कारखान्याचा भोंगा आठवतो. भोंगा झाला की तुम्ही अमुक वेळात संगम पुलावर, आणि अमुक वेळात वाड्याच्या दारात. आई त्या हिशेबानं चहाचं आधण ठेवायची.

शहराच्या मधून आउडेग्राख्त नावाचा कालवा जातो. त्याचं काम बाराव्या शतकातलं. याच्यासारखा कालवा मी दुसरीकडे पाहिलेला नाही, कारण याला दोन मजले आहेत. खाली पाणी, पाण्याला लागून धक्का, धक्क्याला लागून रस्त्याखाली गेलेली तळघरं, आणि त्या सगळ्याच्या वर रस्ता आणि घरं. होडीतून माल उतरवायचा आणि थेट घराच्या पोटात ठेवायचा. झाडं खालच्या धक्क्यावर रुजलेली आहेत, त्यामुळे वरच्या रस्त्यावर तुमच्याजवळ येतात ते त्यांचे शेंडे. सध्या सगळी निष्पर्ण आहेत.

त्याच कालव्याच्या काठी दर शनिवारी एक पाथरवट येतो आणि फरसबंदीच्या पुढच्या दगडावर एक अक्षर कोरतो. एकच. ती एक कविता आहे. २०१२ पासून हे चालू आहे आणि जोवर कोणी ना कोणी पुढचं लिहीत राहील तोवर चालायचं. थंडीत उभी राहून मी दोनदा ते बघितलं. छिन्नीचा आवाज, दगडाचा भुगा, पाच-सात माणसं. माझ्या तीन महिन्यांच्या मुक्कामात जेमतेम बारा-तेरा अक्षरं होतील, त्यात एखादं वाक्यसुद्धा पुरं होणार नाही.

आई, एक घर खास तुझ्यासाठी बघून आले. १९२४ साली त्रुस श्रोडर नावाच्या बाईंनी, नवरा गेल्यावर तीन मुलांना घेऊन राहण्यासाठी, रीटफेल्ड या वास्तुकाराकडून ते बांधून घेतलं. वरच्या मजल्यावर पक्क्या भिंती नाहीतच, सरकणारी पार्टिशनं आहेत. दिवसा सगळं मिळून एक खोली, रात्री ओढली की खोल्या वेगळ्या. वाड्यातल्या आपल्या दोन खोल्यांत दादाच्या परीक्षेच्या वेळी तू साडी बांधून खोली करायचीस, ते आठवलं. १९८५ मध्ये जाईपर्यंत त्या बाई तिथेच राहिल्या. घर बांधलं तेव्हा ते गावाच्या टोकाला होतं, समोर नुसती कुरणं. पुढे साठच्या दशकात नेमका तिथूनच उंचावरून मोटारींचा मोठा रस्ता गेला.

इथूनच मला जे सांगायचंय ते सुरू होतं.

बाबा, तुम्ही नेहमी म्हणता, "तिकडच्या लोकांच्या रक्तातच सायकल आहे, आपलं वेगळं." मीही तेच समजत होते. पहिल्या आठवड्यात स्टेशनाखालचं सायकलींचं पार्किंग बघितलं आणि तोंडात बोट घातलं. तीन मजले, साडेबारा हजार सायकलींची सोय, आणि सायकलवरून न उतरता आत जायचं. कुठल्या रांगेत किती जागा रिकामी आहे ते दिव्यांवर दिसतं. पहिले चोवीस तास फुकट. तुमच्या कारखान्याचा सायकल स्टँड आठवला. सहा वर्षांची असताना तुम्ही मला तो दाखवायला नेलं होतं, काळ्या सायकलींच्या रांगाच रांगा, आणि मी विचारलं होतं, "तुम्हाला आपली कशी कळते?" तुम्ही म्हणालात, "घोड्याला धनी कळतो." तेव्हा पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे, आणि ते काही कौतुकापुरतं नव्हतं. म्हणजे रक्तात तर आपल्याही होती.

मग एका संध्याकाळी घरमालकीण बाईंनी त्यांच्या तरुणपणीचं सांगितलं. त्या आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. युद्धानंतर इथेही मोटारी आल्या, रस्ते रुंद झाले, सायकली भराभर कमी झाल्या. पुढचं शहर मोटारींचं, असंच सगळे धरून चालले होते. १९७१ या एका वर्षात या छोट्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नावच होतं, 'मुलांची हत्या थांबवा'. 'अपघात' हा शब्द त्यांनी बाजूला ठेवला. मूल शाळेत जाताना चाकाखाली आलं तर दोष मुलाचा कसा, रस्त्याचा का नाही, असं त्यांनी विचारलं. १९७३ मध्ये तेलाची टंचाई आली आणि नोव्हेंबरपासून काही रविवार मोटारी बंद ठेवाव्या लागल्या. बाई तेव्हा ऐन विशीतल्या. हमरस्त्यावर चाकांचे बूट घालून त्या मैत्रिणींबरोबर घसरत गेल्या होत्या, ते सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. त्यानंतर एकेक रस्ता करत, वर्षानुवर्षं भांडत, सायकलींचे वेगळे मार्ग झाले. तांबड्या डांबराचे, गाड्यांपासून बाजूला काढलेले. पश्चिमेला नव्या वस्तीकडे जाणारा सायकलींचा एक पूल तर शाळेच्या छतावरून वळण घेत जातो, २०१७ मध्ये झाला.

आणि खंदक. जुन्या शहराभोवती खंदक होता, शेकडो वर्षांचा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा एक पट्टा कोरडा करून तिथे मोटाररस्ता केला. २००२ मध्ये नागरिकांनी कौल दिला, की पाणी परत आणा. सप्टेंबर २०२० मध्ये ते परत आलं. मी मुद्दाम त्याच जागी जाऊन उभी राहिले. बदकं होती, काठाला पातळ बर्फाची साय धरली होती. इथून गाड्या धावत होत्या हे कोणी सांगितल्याशिवाय कळणारही नाही. बाबा, केलेला रस्ता उकरून पुन्हा पाणी सोडलं त्यांनी. मी बराच वेळ तिथून हलले नाही.

आता एक गोष्ट, जी मी फोनवर लपवली. आई, आधी ऐक, मला काही झालेलं नाही. दहा दिवसांपूर्वी सकाळी मी पडले. रात्री पाऊस पडून गोठला होता. मोठ्या मार्गांवर पहाटेच मीठ टाकून जातात, पण कालव्यावरच्या एका चढाच्या पुलावर काचेसारखा थर होता. चाक गेलं, मी गेले. गुडघा सोलला, कोपर दुखावलं, आठवडाभरात बरं झालं. लगेच दोघं थांबले. एक विद्यार्थी, आणि एक बाई, पुढे पेटी असलेल्या सायकलीत दोन मुलं बसवून निघालेली. त्यांनी मला उठवलं, सायकल कडेला घेतली, हँडल सरळ करून दिलं. माझ्या तोंडून निघालं, "सॉरी, माझंच लक्ष नव्हतं." त्या बाईंनी पुलाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नाही, नाही. इथे मीठ पडायला हवं होतं. मी कळवते." आणि तिथेच उभ्या उभ्या फोनवरून कळवलंसुद्धा. "अशा दिवशी सायकल कशाला काढलीस" असं कोणी म्हणालं नाही. पुढच्या गोठलेल्या सकाळी त्या पुलावर मीठ होतं.

त्या दिवशी काम संपेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे तुम्ही होतात, बाबा. सहा वर्षांपूर्वी टिळक रस्त्यावर टेम्पोनं तुम्हाला धक्का दिला, खांद्याचं हाड मोडलं. तुम्ही सरळ रेषेत, डाव्या कडेनं, घंटी वाजवत मंडईतून येत होतात. गर्दी जमली आणि सगळे तुम्हालाच म्हणाले, "काका, या वयात सायकल कशाला?" दवाखान्यात तेच. घरी आल्यावर दादा तेच म्हणाला, आणि मीही म्हणाले. हे मला फार लागलं आहे. मी पलंगाशी बसून तुम्हाला म्हणाले, "बाबा, आता पुरे झालं." तुम्ही भिंतीकडे बघत म्हणालात, "हो, चूक माझीच." आणि ज्या सायकलवर चौतीस वर्षं तुम्ही कामाला गेलात, जिच्या दांडीवर मी आणि कॅरिअरवर आई अशी आपली वरात पर्वतीला जायची, ती दुसऱ्या दिवसापासून पार्किंगच्या कोपऱ्यात.

बाबा, चूक तुमची नव्हती. त्या रस्त्यावर तुमच्यासाठी तीन फूट जागा कोणी ठेवली नव्हती. वयाचा त्यात काही संबंध नव्हता, तिथे पंचविशीतला पोरगाही पडला असता. मी तेव्हा चुकीचं बोलले. समोर असते तर मला रडू आलं असतं, म्हणून लिहून सांगते आहे.

घरमालकीण बाईंचा खुबा बदललेला आहे. ऑपरेशननंतर त्यांनी बुटकी, बॅटरीची सायकल घेतली. थांबल्या की दोन्ही पाय जमिनीला टेकतात. मंगळवारी बाजाराला आणि गुरुवारी मैत्रिणीकडे पत्ते खेळायला त्या सायकलनंच जातात. परवा त्यांच्याबरोबर मी शहराबाहेर आमेलिसवेर्डच्या राईत जाऊन आले, नदीच्या काठाकाठानं. झाडांवर हिम होतं, वाटेत वाऱ्यानं आम्हाला अडवलं, तर त्या मला म्हणाल्या, "माझ्या मागे ये, वारा कमी लागेल." अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या आडोशानं मी तीन किलोमीटर गेले.

आणि आई, तू. आजोबांनी मुलगी म्हणून तुला सायकल शिकू दिली नाही, हे तू हसत सांगतेस, पण तुझ्या हसण्याकडे मी बघते ना. माझ्या गल्लीमागे एक मैदान आहे. तिथे दर बुधवारी पाच-सहा बायका सायकल शिकायला येतात. बहुतेक मोरोक्को, तुर्कस्तानातून आलेल्या, पन्नाशी-साठीच्या. पहिले काही आठवडे पेडल मारायचंच नाही. सीट खाली घ्यायची आणि पायानं ढकलत जायचं, तोल सापडेपर्यंत. डोक्याला रुमाल बांधलेल्या एका बाईंनी मागच्या आठवड्यात पहिल्यांदा दोन्ही पाय वर घेतले आणि मैदानाच्या टोकापर्यंत गेल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुंपणापलीकडून मीपण.

आता काम सांगते. भंगारवाला रविवारी येतो. त्याच्या आधी दादाकडून सायकल वर आणवून घ्या आणि मागच्या बाल्कनीत ठेवा, कुंड्या थोड्या सरकवा. तिला आत्ता काही करू नका, फक्त चेनवर आणि फ्रीव्हीलमध्ये दोन थेंब तेल सोडा. मी २ मार्चला पोहोचते. दोन्ही टायर-ट्यूब नव्या घालू, रिमचा आउट काढून घेऊ, पूर्ण ओव्हरहॉलिंग करू. टिळक रस्त्यावर जायचं नाही, हे मलाही कळतं. पहाटे साडेपाच-सहाला, रस्ते रिकामे असताना, सारसबागेपर्यंत जायचं आणि यायचं. मी दुसऱ्या सायकलवर तुमच्या उजव्या बाजूला असेन. जमलं नाही, खांदा दुखला, तर ती बाल्कनीत राहील. पण भंगारात नको.

आईसाठी बिनदांडीची बघू. शेजारच्या शाळेचं मैदान सुट्टीत सकाळी उघडं असतं ना, ते विचारून ठेवा.

बाबा, डाव्या पेडलची कॉटर पिन सैल होती, चढावर टक टक वाजायची. तीपण बदलायची आहे. दुकानात सांगायला मी विसरले तर आठवण करा.

तुमची,
मनू